बारव, ट्रॉली आणि माझं सचित्र चरित्र

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. खताच्या दुकानदारानं दिली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर युरियाची जाहिरात आहे, तिकडं लक्ष द्यायचं नाही. यंदा नेमानं लिहायचं. माणसानं आपल्या कामाची नोंद ठेवली नाही तर पुढच्या पिढीनं अभ्यास कशाचा करायचा?

संकल्प: फिरायला जाणे. न चिडणे. पर्यावरण.

फिरणं उद्यापासून. परवा वेळ अमावस्येच्या सणाला शेतात आंबील पिणं जरा जास्तच झालं, ते अजून चालू देत नाही.

पर्यावरणाचं कारण वेगळं. शाळेत आज खोकं आलं. लातूरच्या एका संस्थेनं पाठवलं. आत चित्रांची पुस्तकं. झाडं लावणारे, नद्या साफ करणारे, पक्षी वाचवणारे, अशा माणसांची चरित्रं, पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी. पानभर चित्र, खाली दोन ओळी. मुख्याध्यापक या नात्यानं मीच खोकं उघडलं आणि उभ्या उभ्या उपक्रमाचं नाव सुचलं: 'चरित्रातून चळवळ'. पुस्तकं वाचायला वेळ मिळाला नाही, पण नाव सुचलं की निम्मं काम होतं.

उपक्रम जिल्ह्यापर्यंत न्यायचा. लेकरं लहानपणीच जागी झाली पाहिजेत.

घरचं: मागच्या दोन जुन्या खोल्या पाडून तिथं हॉल काढायचं पक्कं. तारामती म्हणते, हॉल कशाला, आपण दोघंच तर आहोत. म्हटलं, सत्काराला लोक येतील ते बसतील कुठं?

२ जानेवारी

फिरायला गेलो नाही. धुकं.

परिपाठात पुस्तकं दाखवली. दोन्ही हातांनी उंच धरून, कुणाचा हात पोचणार नाही अशी. मग प्रत्येकाला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. कपाटाला काच आहे. लेकरांना दिसतात की.

पंचशीला मॅडमनी किल्ली मागितली. आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. बिलोलीकडच्या आहेत, गेल्या वर्षी बदलून आल्या. वय कमी, उत्साह भरपूर. म्हणाल्या, सर, पुस्तक लेकरांच्या हातात गेल्याशिवाय काय उपयोग? मी विचारलं, फाटलं तर? म्हणाल्या, फाटलं तर चिकटवू.

अनुभव नाही. तरी किल्ली दिली. देताना मार्गदर्शन करत होतो, ते मध्यावर आलं तेव्हा त्या वर्गात पोचल्या होत्या.

६ जानेवारी, सोमवार

मॅडमनी पहिलं पुस्तक वाचलं. मी खिडकीत उभा राहून पर्यवेक्षण केलं. लांबच्या कुठल्या तरी देशातली बाई. तिनं झाडं लावायला घेतली तर लोक हसले, तिनं लावतच ठेवली. लेकरं इतकी चिडीचूप की मला आधी वाटलं झोपली.

मग प्रश्न सुरू. दुसरीतल्या लुंबिनीनं विचारलं, लोक हसायले तवा तिला रडू आलं का? पुस्तकात तर दिसंना. पहिलीतल्या सत्यमनं विचारलं (समोरचे दात पडलेत, त्यामुळं हवाच जास्त येते), अशी माणसं लांबच असतात का? आपल्या गावात न्हाईत का?

इथं मी आत गेलो. संधी अशी रोज येत नाही. म्हटलं, बाळांनो, मोठी माणसं आपल्या अगदी जवळ असतात. रोज दिसतात. आपल्याला ओळखता येत नाहीत एवढंच. असं म्हणून जरा थांबलो, कॉलर नीट केली.

लेकरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. हरकत नाही. बी पेरलंय.

८ जानेवारी

खोल्या पाडायला सुरुवात. भिंतींत एवढी माती असेल असं वाटलं नव्हतं. बाहेरून दोन खोल्या दिसत होत्या, आतून डोंगर निघाला. ट्रॅक्टरवाला गुंडप्पा विचारत होता, सर, टाकू कुठं? ओढ्यापलीकडच्या खाणीत टाकतात सगळे, पण लांब पडतं, डिझेल जळतं. डिझेल जाळणं म्हणजे प्रदूषण. मी उपक्रमाचा विचार करून निर्णय घेतला: शाळेमागच्या बारवेत.

बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. नळ आल्यापासून कुणी जात नाही. खाली हिरवं पाणी, कडेला झुडपं, वर पिशव्या. एखादं लेकरू पडलं तर जबाबदार मुख्याध्यापक. बुजवली तर धोकाच संपला. म्हणजे एका ट्रॉलीत बालसुरक्षा आणि पर्यावरण दोन्ही.

गुंडप्पा म्हणाला, सर, बारवेत? नक्की? म्हटलं, तू गिअर टाक.

१० जानेवारी, शुक्रवार

उपक्रमाला यश येऊ लागलं.

शाळा सुटायच्या आधी आम्ही पटांगण झाडून पाला पेटवतो. वर्षानुवर्षांची शिस्त. आज ढिगापुढं सत्यम हात पसरून उभा. पाला जाळायचा न्हाई, त्याचं खत होतंय, पुस्तकात हाय. डोळे भरून आले. सहा वर्षांचं पोर! लगेच मोबाईलवर फोटो काढला. मग म्हटलं, शाब्बास, आता बाजूला हो, पेटवू दे.

बाजूला होईना. त्याच्या शेजारी लुंबिनी येऊन उभी राहिली. मग सगळी दुसरी.

चिडायचं नाही असा संकल्प आहे, म्हणून चिडलो नाही. मोठ्यानं बोललो फक्त. मॅडमनी दुसऱ्या बाजूनं फोटो काढला, त्यात माझ्या हातात काडेपेटी आलीय. ग्रुपवर टाकू नका म्हणालो. म्हणाल्या, टाकला सर, आत्ताच.

पाला तसाच आहे. खड्डा खणून त्यात पुरायचा म्हणे. खड्डा कोण खणणार? सोमवारी पाहू.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. तिळगूळ वाटायला मी पाकिटं आणली होती, एकेक वडी चकचकीत कागदात. लेकरं दारात आली आणि कागद काढून वडी घेतली, कागद मला परत. तारामतीनं मग घरचे लाडू हातावर ठेवले. सगळी तिच्याभोवती. माझ्या मुठीत कागद.

शाळेत मी बाटलीबंद पाणी पितो. घशाला माठाचं सोसत नाही. आज सत्यम म्हणाला, सर, रिकाम्या बाटल्या तुमी कुठं टाकायलाव? म्हटलं, रीतसर टाकतो. कुठं रीतसर? असं लुंबिनीनं विचारलं. घंटा झाली म्हणून बरं.

संकल्प: उद्यापासून बाटली स्टाफरूममध्येच तांब्यात ओतून घ्यायची. चारचौघांत तांब्या शोभतो.

२० जानेवारी, सोमवार

आजचा दिवस विसरणार नाही.

मॅडमनी सांगितलं, आता लेकरं स्वतःचं चित्रपुस्तक काढणार. आपल्याच गावातल्या एका माणसाचं चरित्र. पाण्यासाठी ज्यानं काही केलं असा माणूस. पंधरा फेब्रुवारीला पालकांसमोर प्रकाशन करू. मी हसत हसत विचारलं, कोण हो हा माणूस? म्हणाल्या, सर, लेकरांनी सांगू नका म्हटलंय. आणि जमिनीकडं पाहिलं.

जमिनीकडं का पाहिलं? संकोच. समोरच्याच्या तोंडावर त्याचं कौतुक कसं करणार.

दुपारी शंका उरलीच नाही. लुंबिनी आणि सत्यम पाटी घेऊन आले. सर, तुमची मिशी पयल्यापासून अशीच हाय का? सर, शर्ट निळा घालू का पांढरा? खिशात पेन किती असतात? मी दोन सांगितले. एक लाल, एक निळा. सत्यमनं जवळ येऊन मिशीचं टोक बारकाईनं पाहिलं.

आजवर माझी चार ओळींची बातमी आली नाही आणि आता सचित्र चरित्र! तेही निरागस हातांनी.

तारामतीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही पाण्यासाठी काय केलंत? म्हटलं, वातावरणनिर्मिती. ती हरभऱ्याची भाजी खुडत होती, तशीच खुडत राहिली. पण खांदे हलत होते.

२३ जानेवारी

चरित्राला मजकूर लागतो. आपण होऊन पहिली-दुसरीच्या वर्गात गेलो आणि माझं बालपण सांगितलं. चौथीत असताना मी एक लिंबाचं रोप लावलं होतं. कुणी विचारलं, कुठाय ते? शेळीनं खाल्लं. पण भावना खाल्ली नाही, असंही मी सांगितलं.

कुणी लिहून घेतलं नाही. त्यांना बहुतेक आधीच माहीत असावं.

मॅडमनी बाहेर येऊन विचारलं, सर, बारवेतली माती तात्पुरती आहे ना? लेकरं विचारायलेत. म्हटलं, सगळंच तात्पुरतं आहे मॅडम. उत्तर तात्त्विक झालं. त्या गप्प बसल्या म्हणजे पटलं असणार.

२८ जानेवारी

अडचण.

गुंडप्पाचा फोन, सकाळी. सर, लेकरं काठावर हात धरून उभारल्यात. मी ट्रॉली उलटी करू कशी? म्हटलं, हॉर्न वाजव. वाजवला म्हणे, तर ती गाणं म्हणायला लागली. मग त्यातली एक पोरगी आली आणि म्हणाली, गुंडूमामा, आमच्यापैकी कुणावर टाकणार? गुंडप्पा म्हणतो, सर, मला पण लेकरं हायत, मी न्हाई टाकत.

मी त्याला समजावलं की स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायलेत, तालीम आहे. त्याला खोटं वाटलं. मला मात्र खरं वाटू लागलं. बरोबर आहे, माझ्या चरित्रात एखादा संघर्षाचा प्रसंग हवाच की. लेकरं तो करून पाहत असतील.

तोवर गुंडप्पानं ट्रॉली आणून आमच्या फाटकापुढं उलटी केली. आता घरात जायचं तर ढिगावर चढून उतरावं लागतं. तारामती वरून म्हणाली, इथून गाव छान दिसतंय हो. हॉल नको, हेच राहू द्या.

३ फेब्रुवारी

तयारी.

विस्तार अधिकारी साहेबांना आमंत्रण दिलं. येतो म्हणाले. उदगीरला जाऊन जाकीट शिवायला टाकलं. फ्लेक्स करायला टाकला: 'सचित्र चरित्र प्रकाशन सोहळा', खाली माझा फोटो, निळा शर्ट, मिशी, खिशात पेन. नाव टाकलं नाही. गुपित राखायचं ना. नुसता फोटो.

मॅडम म्हणाल्या, लेकरांनी जुन्या चादरीवर रंगानं लिहायचं ठरवलंय, फ्लेक्स प्लास्टिकचा असतो. म्हटलं, चादरीवर चेहरा उमटत नाही.

भाषण लिहिलं. सुरुवात: 'मी कोण? एक साधा शिक्षक.' इथं टाळ्या. तारामतीला म्हटलं, या जागी तू जरा डोळ्याला पदर लाव. म्हणाली, कांदा घेऊन बसते.

११ फेब्रुवारी

चोरून पाहणं वाईट. मी चोरून पाहिलं नाही. मॅडमच्या टेबलावर कागद उघडा होता आणि मी तिथून चाललो होतो.

एकच पान दिसलं. भला मोठा लाल ट्रॅक्टर. त्याच्यापुढं मी! हुबेहूब मी. मिशी कानापर्यंत. खिशात दोन पेनं. एका हातात बाटली. दुसरा हात वर, बोट रोखलेलं. नेतृत्व. कडेला लेकरं लहान लहान, माझ्याकडं पाहणारी.

ट्रॅक्टर का, ते कळलं नाही. प्रगतीचं प्रतीक असेल.

चिंता एवढीच की पोट जरा मोठं काढलंय. लहान हात आहेत, चालायचंच.

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी चार

दार लावून लिहितोय. बाहेर तारामती शेजारणीशी बोलतेय. हसू ऐकू येतंय.

जसं झालं तसं लिहितो.

पटांगणात गाव जमलं. साहेब वेळेवर आले. फ्लेक्स व्यासपीठाच्या उजव्या अंगाला, त्याच्याखाली मी, जाकिटात. लुंबिनी आणि सत्यम पुस्तक घेऊन पुढं आले. पानं चादरीएवढी मोठी, मागच्यालाही दिसावीत म्हणून. एक पान धरणार, एक वाचणार.

पहिलं पान उलटलं. मी उभा राहायच्या बेतात होतो. चित्रात मी नव्हतो. पांढऱ्या केसांची, हिरव्या लुगड्यातली म्हातारी होती.

लुंबिनीनं वाचलं: ही भीमाआजी.

भीमाआजी म्हणजे लुंबिनीची पणजी. गावच्या त्या टोकाला राहते, आता काठी टेकत चालते. तिला पुढच्या खुर्चीवर कुणी तरी आणून बसवलं होतं, तिकडं मी लक्ष दिलं नव्हतं. मला वाटलं, आरोग्य तपासणीला आली असेल.

पुढची पानं. बहात्तरचा दुष्काळ. नदी कोरडी, ओढा कोरडा, बारव गाळानं भरलेली. लोक म्हणायचे, त्यात आता पाणी न्हाई. भीमा टोपलं घेऊन पायऱ्या उतरली. एकटी. दिवसभर गाळ वर आणून टाकला. लोक काठावर बसून हसले. (इथं लुंबिनीनं चित्रात आजीच्या गालावर दोन थेंब काढले होते.) दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. मग एकेक बाई आली. मग गडी आले. आणि एका सकाळी तळाच्या दगडातून पाणी बाहेर आलं. त्या पानावर लेकरांनी निळा रंग हातानं फासला होता, बोटांचे ठसे तसेच.

पुढचं पान: भीमा म्हणाली, गाळ सगळ्यांनी काढला, आता दोर पण सगळ्यांचा एकच. ह्या घरचा वेगळा, त्या घरचा वेगळा न्हाई. काही लोक रागावले. पण तहान लागली होती. दोर एकच राहिला.

मला हे काहीच माहीत नव्हतं. त्या बारवेपासून हाकेच्या अंतरावर मी मुख्याध्यापकी करतो.

आणि मग सत्यमनं ते पान उलटलं. लाल ट्रॅक्टर. मिशी. दोन पेनं. बाटली.

त्यानं वाचलं, दात नसल्यामुळं शब्द सावकाश येत होते, सगळ्यांना नीट ऐकू गेले: मग लई वर्षांनी एक माणूस आला. त्याला बारव दिसली न्हाई. त्याला खड्डा दिसला.

साहेबांनी चित्राकडं पाहिलं. मग फ्लेक्सकडं पाहिलं. मग पुन्हा चित्राकडं. शर्टसुद्धा तोच निळा. मागून कुणी तरी म्हणालं, अरे, सर की! आणि मग जे हसू फुटलं ते पार रस्त्यापर्यंत गेलं. गुंडप्पा तर खाली बसला. साहेब रुमाल तोंडाला लावून खोकत होते. खोकला नव्हता तो.

शेवटचं पान कोरं होतं. मॅडमनी सांगितलं, गोष्ट अजून संपली नाही, म्हणून लेकरांनी ते रिकामं ठेवलंय.

मला बोलायला बोलावलं. खिशातलं भाषण काढलं, 'मी कोण?' इथपर्यंत वाचलं आणि पुन्हा हसू आलं. मग मी भाषण बाजूला ठेवून उत्स्फूर्त बोललो. म्हणालो, हे सारं मी मुद्दाम केलं. लेकरांना चळवळ शिकवायची तर विरोधाला कुणी तरी लागतं. मी तो वाईटपणा स्वतःकडं घेतला. हा प्रात्यक्षिकाचा भाग होता.

वाईट नव्हतं सुचलं. दोनतीन पालकांनी मान पण हलवली. पण लुंबिनी खालून म्हणाली, मग सर, प्रात्यक्षिक झालं न्हवं? माती कवा काढणार?

साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, हो सर, कधी?

उद्या, असं तोंडातून गेलं.

मी उतरून चाललो होतो तर भीमाआजीनं काठी आडवी धरली. जवळ बोलावलं. मला वाटलं, आता गावासमोर बोलणार. ती बारीक डोळे करून म्हणाली, तू नीलाबाईचा न्हवं? म्हटलं, हाव. तर म्हणाली, तुझी माय व्हती माझ्यासंगं दोर वडायला. सासू घरात घेईना झाली दोन दिस, तरी यायची. तू पोटात व्हतास. मी म्हनायचे, नीला, बस गं जरा. बसायची न्हाई.

आईनं हे मला कधीच सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते विचारायला आता आई नाही.

भीमाआजीनं हातावर हात ठेवला आणि मग काठी काढून घेतली. जा, म्हणाली.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी

शांतपणे विचार केला. एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. बहात्तरच्या कामात मीही होतो. पोटात का असेना. तांत्रिकदृष्ट्या त्या चरित्रात माझं नाव यायला हवं.

तारामतीला सांगितलं. ती हात पुसत उठली. मग म्हणाली, टोपलं माळ्यावर आहे, काढून ठेवते.

१६ फेब्रुवारी, रविवार

कणकण आहे. गेलो नाही.

तारामती गेली. मी खिडकीतून पाहिलं, मॅडम पण आल्या होत्या, बिलोलीला जाणं रद्द करून. गुंडप्पानं ट्रॉली आणली. पण ट्रॉली काठापर्यंतच येते. टाकताना सोपं असतं, उलटं केलं की जातं. काढताना पायरी पायरीनं हातानं वर आणावं लागतं. हे नियोजनात बसलं नव्हतं.

दुपारी तारामती आली. पायापासून केसापर्यंत माती. ताप मोजला माझा. नव्हता. मग वरण गरम केलं.

१७ फेब्रुवारी

गेलो. शाळा सुटल्यावर.

टोपलं उचललं, दहा पायऱ्या चढलो आणि कंबर धरली. मग देखरेख केली. छत्री होती. कुणी तरी दिशा द्यायला हवी. 'इकडून, इकडून' असं सांगत होतो. लेकरं घमेल्यात दोन दोन दगड घेऊन जात होती, मी म्हणेन त्याच्या उलट बाजूनं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

गुंडप्पानं त्याच्या पाहुण्याची गाढवं आणली. गाढवं पायऱ्या उतरतात, पाठीवर पोतं घेतात, वर येतात, तक्रार करत नाहीत. काम झपाट्यानं चाललंय. गावातले गडी पण येतात आता, बायका येतात. साहेब आले होते, पाच मिनिटं थांबले. मी त्यांच्या डोळ्यांसमोर टोपलं उचललं. ते भीमाआजीशी बोलत होते.

आज एकटाच शेवटच्या पायरीवर जरा बसलो होतो. कडेच्या दगडाला एक खाच दिसली. दोरानं पडलेली. बोट फिरवून पाहिलं. आत गुळगुळीत आहे. कुणाकुणाचे हात असतील त्या दोरावर, असं मनात आलं आणि बसून राहिलो.

मग टोपलं घेतलं. कंबर दुखत होती, पण दुखू दिली. अंधार पडेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

माती संपत आली. तळाला पाणी दिसलं. फार नाही, ताटाएवढं. लेकरं एकदम ओरडली तशी भीमाआजी काठावरून म्हणाली, दंगा करू नका, बुजतंय ते. लेकरांना खरं वाटलं, सगळी गप्प.

शाळेत मॅडमनी ते कोरं पान काढलं. वर्गानं मिळून चित्र पुरं केलंय. मला बोलावलं बघायला. आता मन तयार होतं, कसंही काढलं असलं तरी चालेल असं ठरवून गेलो.

सुंदर चित्र. बारव, पायऱ्या, पायऱ्यांवर माणसांची रांग. काठावर भीमाआजी खुर्चीत. तारामती ओळखू आली, पदर खोचलेला. मॅडम. गुंडप्पा. आणि सगळ्यात मध्ये, पाठीवर ओझं, मान खाली घालून वर चढणारा एक. रंग सावळा, चेहऱ्यावर समजूतदार भाव. सत्यमच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, बाळा, एवढं चांगलं काढायचं नव्हतं रे मला.

सत्यम म्हणाला, ते गाढव हाय सर.

नीट पाहिलं. कान होते.

मग मी कुठंय, असं विचारलं. आवाज शक्य तेवढा सहज ठेवून. लेकरांनी एकमेकांकडं पाहिलं. लुंबिनीनं चित्रात बोट फिरवलं, पायरी पायरीनं, वरपासून खालपर्यंत. खरंच शोधत होती बिचारी. शेवटी म्हणाली, सर, तुमी परवाच तर आलाव नीट. तुमाला काढायचं ऱ्हायलं. पण गाढवाच्या मागं जागा हाय. उद्या आलाव तर काढू.

उद्या रविवार आहे. सकाळी लवकर बोलावलंय.